पिशवीतला नारळ

आमच्या जालन्याचं पाणी पूर्वेला जातं. समुद्र म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला कोकण आठवतं, पश्चिम आठवते. पण आमच्या कुंडलिकेत पडलेलं पान आधी दुधनेत जातं, मग पूर्णेत, मग गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. भोकरदनच्या शाळेत भूगोलाच्या तासाला मी हा नकाशा इतक्या वेळा काढलाय की आता खडू आपोआप वळतो. मुलांना दरवर्षी तेच सांगते, पान वाटेत कुजून जातं, पोचते ती फक्त कॅरीबॅग. मुलं हसतात, आणि मधल्या सुट्टीत चिप्सची पाकिटं खिडकीतून खाली टाकतात. पालथ्या घड्यावर पाणी.

माझा मुलगा जहाजावर नोकरीला लागला तेव्हा मला वाटलं होतं, निदान एका विद्यार्थ्याने तरी समुद्र मनावर घेतला. नातेवाइकांना ते काही पटलं नाही. ‘जालना सोने का पालना’, तो पाळणा सोडून हा खाऱ्या पाण्यात कशाला निघाला, असं ज्याने त्याने विचारून घेतलं. मी कुणाला उत्तर दिलं नाही. त्याच्या पणजोबांना गावच्या विहिरीला हात लावू दिला नव्हता. त्या घरातला पोरगा अख्ख्या समुद्रावर निघाला होता, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. अजूनही वाटतो.

तो डेकवर कामाला होता. रंगकाम, दोरखंड, साफसफाई आणि वॉच. वॉच म्हणजे दुर्बीण घेऊन उभं राहायचं आणि पाण्यावर काय दिसतंय ते वरच्या साहेबाला सांगायचं. पहिल्या फेरीत तो खूश होता. दुसऱ्या फेरीत आखातात लढाई सुरू झाली, बंदर बंद झालं आणि त्याचं जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं. पुढे जाता येईना, मागे फिरायला कंपनी परवानगी देईना. मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्या देशाचा, माल तिसऱ्याचा आणि आतली पोरं आपली. लढणाऱ्यांपैकी कुणाशी त्या पोरांचं काही देणंघेणं नव्हतं.

आम्हाला हे टीव्हीवरून कळलं. माझे मिस्टर एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झालेत, त्यामुळे दिवसभर टीव्ही त्यांच्या ताब्यात. निवेदक घसा फोडून ओरडत होता, मागे ढोल वाजत होते, समुद्रावरून लाल बाण सूं सूं करत जात होते. एका चॅनेलने तर समुद्रच लाल रंगवला होता. माझं पोरगं त्या लाल रंगात कुठेतरी डेक पुसत होतं.

“आज आपल्या बाजूला काई न्हाई पडलं,” मिस्टर संध्याकाळी मला अहवाल द्यायचे.

“आपली बाजू कोणती हो?” मी एकदा चिडून विचारलं.

“पोरगं हाय ती,” ते म्हणाले, आणि परत टीव्हीकडे वळले. त्यांच्यावर रागावणंसुद्धा अवघड.

मुंबईच्या एजंटवर मात्र मी मनसोक्त रागावले. त्याला रोज फोन करायची. तो रोज म्हणायचा, “मॅडम, जहाज सेफ आहे.”

“जहाजाचं मला काय करायचंय? माणसं?”

“माणसं जहाजातच आहेत ना, मॅडम.”

असल्या माणसाशी काय बोलणार! फोन ठेवला की मी भोकरदनला जाणाऱ्या एसटीच्या खिडकीबाहेर बघत बसायची. राजूर येईपर्यंत रस्त्याच्या कडेच्या बाभळींना पिशव्याच पिशव्या अडकलेल्या दिसायच्या, आणि त्या दिवसांत त्यांचाही राग यायचा. राग काही एका जागी राहत नाही. एजंटवरचा बाभळीवर निघतो आणि बाभळीवरचा घरी आल्यावर भाजीत जातो.

सुरुवातीला मुलाचे फोटो यायचे. जहाजावरचं इंटरनेट बहुतेक वेळ बंदच, जागा कळू नये म्हणून. पण मधूनच एखादा फोटो येऊन पडायचा. गंमत म्हणजे फोटो लढाईचे नसायचे, पाण्याचे असायचे. एका जागी उभ्या असलेल्या जहाजाला सगळ्या समुद्राचा कचरा येऊन चिकटतो म्हणे. बाटल्या, चपला, खुर्चीचा पाय, फ्रीजचं दार, डोकं नसलेली बाहुली. त्यांच्या जहाजाचा नियम कडक होता, प्लॅस्टिकचा एक तुकडा पाण्यात टाकायचा नाही, वेगळ्या पोत्यांत भरून ठेवायचा. ती पोती न्यायला येणारी बोट लढाईमुळे बंद झाली. पोत्यांचा ढीग जहाजाच्या मागच्या टोकाला साचला आणि त्याची राखण करायचं कामही यालाच. “आई, आमी एकेक झाकण जपून राह्यलो, आन् बाकीची दुनिया सगळं इकडंच सोडून राह्यली,” असा त्याचा व्हॉइस मेसेज आला होता. हसत होता, पण वैतागलेला होता.

मी ते फोटो वर्गात दाखवायची. मुलांना ते धड्यापेक्षा आवडायचे. “बाई, आज काय आलं वाहून?” असं ती विचारायची, आणि मी तोच प्रश्न मुलाला पाठवायची. नवीन काहीतरी पाठव, तेच तेच नको, असंही एकदा लिहिलं. तो हात जोडल्याचं चित्र पाठवायचा आणि नवीन काहीतरी शोधायचा. त्याला विरंगुळा होत होता, मला तो जिवंत असल्याची खूण मिळत होती.

त्याच सुमारास शाळेत स्वच्छतेची फेरी निघाली. ‘प्लॅस्टिक हटवा, सृष्टी वाचवा’ असं लिहिलेला भला मोठा फ्लेक्स पुढे आणि मागे आम्ही. फ्लेक्स म्हणजे तरी काय, प्लॅस्टिकच. मी तसं म्हटलं तर एक सर म्हणाले, “मॅडम, तुमचं आपलं कायबी असतं.” फेरी संपल्यावर तो फ्लेक्स एका पालकाने सोयाबीनच्या गंजीवर टाकायला नेला. निदान त्याचा उपयोग तरी झाला.

आता भाभीजींचं सांगते. मस्तगडला आमच्या घराला लागून एक मारवाडी कुटुंब राहतं. तीन-चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेले, जुन्या जालन्यात कापडाचं दुकान. घरातल्या थोरल्या बाईंना सगळी गल्ली भाभीजी म्हणते. माझा मुलगा त्यांच्याच ओट्यावर वाढला, कारण मी सकाळच्या गाडीने भोकरदनला निघायची ती दिवस कलताना परत यायची. त्याला पहिल्यांदा बाजरीची खिचडी त्यांनीच भरवली. माझं न ऐकणारा पोरगा त्यांचं ऐकतो. त्यामुळे लढाईची बातमी आली तेव्हा पदराने डोळे पुसायला त्या पहिल्या आल्या.

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंडलिकेत नारळ सोडला.

मला ते भाजीवाल्याकडून कळलं. लाल कापडात नारळ, कापडाला मोळीचा, म्हणजे पूजेचा लाल-पिवळा धागा, आत हळदकुंकू, तांदूळ. इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. आमच्या घरात बुद्धवंदना होते, नवस-सायास आम्ही करत नाही, पण दुसऱ्याच्या श्रद्धेला मी नाक मुरडत नाही. माझी तक्रार पिशवीची होती. भाभीजींनी तो नारळ मिठाईच्या दुकानाच्या कॅरीबॅगेत घालून, गच्च गाठ मारून, पुलावरून खाली टाकला होता. पुलाच्या कठड्याला उंच जाळी बसवली आहे, लोकांनी कचरा टाकू नये म्हणून. त्या जाळीला लोकांनी हात जाईल एवढी भोकं पाडली आहेत.

मी तशीच त्यांच्या ओट्यावर गेले. “भाभीजी, नारळ सोडला ते सोडला, पिशवी कशाला?”

“उघडा सोडला तर न्हाई पोचत गं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “खालची पोरं लगेच काढतात आन् फोडून खातात. पिशवीत बांधला की कुनी हात लावत न्हाई. कचरा समजून कुनी बघतबी न्हाई. बराबर पुढं जातो.”

चूक होती, पण विचार करून केलेली चूक होती. अख्खी गल्ली असंच करते, हेही त्यांनी सांगितलं. देवाचे जुने फोटो, निर्माल्य, घटाची माती, सगळं पिशवीत. पिशवी हेच त्यांचं पाकीट, टपालात टाकल्यासारखं.

“पण पाणी पूर्वेला जातं भाभीजी! तो पश्चिमेला आहे. तुमचा नारळ चाललाय बंगालच्या उपसागरात!” माझा आवाज चढला.

“समंदर काय दोन-दोन असतात का? खाली सगळा एकच ना?”

हे बरोबर असल्यामुळे मला जास्तच राग आला. मी म्हटलं, “हो, एकच आहे. म्हणूनच तुमची पिशवी माझ्या पोराच्या जहाजाला जाऊन चिकटते.” त्यांचे डोळे भरले. मग मला माझाच राग आला, आणि त्यांचाही, की मला नीट भांडूसुद्धा देत नाहीत. त्यांचं पोरावर प्रेम होतं. त्या प्रेमाला गाठ मारलेली पिशवीच का लागते, हा माझा प्रश्न होता, आणि तो घेऊन मी घरी आले.

मग एकदम फोटो बंद झाले.

इंटरनेट सुरू असायचं, कारण ‘बरा आहे’ असा निरोप यायचा. पण फोटो नाही. मी विचारलं, आज काय वाहून आलं? उत्तर आलं, ‘काही नाही.’ काही नाही कसं? समुद्र काय धुऊन काढला कुणी? मी दोन-तीनदा विचारल्यावर त्याने लिहिलं, ‘आई, ते विचारत जाऊ नको.’ एवढंच. त्या आठवड्यात टीव्हीवर एका जहाजाला आग लागलेली दाखवली होती. त्याचं नव्हतं. दूरचं, भलत्याच देशाचं. मिस्टर म्हणाले, “आपल्या बाजूचं न्हाई.” पट्टी सरकली आणि खाली कांद्याचे भाव आले. रोज मरे त्याला कोण रडे. आम्हीही नाही रडलो. आम्ही सुटकेचा श्वास सोडला, खोटं कशाला बोलू.

शेवटी कंपनीने माणसं बदलली आणि तो सुटला. बोटीने कुठल्या तरी दुसऱ्या बंदरात, तिथून विमानाने मुंबईला आणि मुंबईहून रेल्वेने जालन्याला. स्टेशनवर मी त्याला ओळखलं ते त्याच्या चालण्यावरून. चेहरा रापलेला, गाल आत गेलेले. मिस्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दुसरीकडेच बघत राहिले. मी रडले. तो म्हणाला, “चल आई, भूक लागली.” मला वाटलं, संपलं सगळं. पोरगं घरी आलं.

पण घरी तो नुसता बसायचा. टीव्ही लावू द्यायचा नाही. दुधाची पिशवी फोडली की धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवायचा. मी मनात म्हटलं, चला, जहाजाने शिस्त तरी लावली. अशी मी समाधानी बाई! पाहुणे यायचे, “कसं होतं तिकडं? बॉम्ब बघितला का?” असं सिनेमा बघून आलेल्याला विचारावं तसं विचारायचे. तो उठून आत जायचा.

भाभीजी मात्र त्याला सोडायला तयार नव्हत्या. नारळाने काम केलं होतं, आता दुसरा नारळ सोडून बोललेलं फेडायचं होतं, आणि तो पोराच्या हातूनच. मी सरळ नाही म्हटलं. तो म्हणाला, “जाऊ दे आई. त्यांनी केलंय ना माझ्यासाठी.” मग मीही रिक्षात बसले. पुलावर पिशवी त्यांच्या हातून काढून घ्यायची, असं मी ठरवूनच निघाले होते.

पावसाळा सरून बरेच दिवस झाले होते. कुंडलिकेला पाणी म्हणजे काळी पट्टी, कडेला जलपर्णी, वर फेस आणि पिशव्या. भाभीजी रिक्षातून उतरल्या, पुटपुटत नारळ कपाळाला लावला. लाल कापड, धागा, आणि वरून तीच कॅरीबॅग, तीच गाठ. मी हात पुढे केला, “भाभीजी, ती पिशवी काढा आधी.” त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पिशवी पोराच्या हातात दिली, त्याचा हात धरून जाळीच्या भोकातून बाहेर काढला आणि म्हणाल्या, “सोड बेटा.”

पिशवी पडली. आत हवा राहिली होती, त्यामुळे बुडाली नाही. दोनदा हेलकावली आणि बाकीच्या पिशव्यांमध्ये जाऊन टेकली. पांढऱ्या प्लॅस्टिकमधून आतलं लाल कापड तेवढं दिसत होतं.

मुलगा ते बघत राहिला. मग एकदम वळला, पुलाच्या टोकाकडे धावला आणि उतारावरून खाली गेला. मी ओरडले. गटाराचं पाणी होतं ते, काच असेल, साप असेल, काहीही असेल. तो गुडघाभर चिखलात शिरला, मग मांडीभर. मी चपला हातात घेऊन घसरत घसरत खाली पोचले तोवर त्याने पिशवी गाठली होती. गाठ सुटेना म्हणून दातांनी फाडली. धागा तोडला, कापड काढलं, नारळ उलटा-सुलटा करून बघितला. मग काठावर येऊन मटकन बसला.

“अरे काय करून राह्यलास?” माझ्या तोंडून संतापच निघाला. “नारळच आहे तो! माहीत नाही का तुला?”

“माहीत होतं,” तो म्हणाला. “तरी बघावं लागतं, आई.”

मग त्याने सांगितलं. नदीकडे बघतच सांगितलं.

“ते जहाज जळालं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वॉच माझाच होता. पाण्यात कायतरी नारिंगी दिसलं. नारिंगी तर रोजच दिसायचं गं. जार, ड्रम, जाळ्याचे फ्लोट. म्हटलं, हे तर पाठवून झालंय तुला. दुर्बीण उचललीच न्हाई मी. दुपारी दुसरा आल्ता वॉचवर, त्यानं लावली. लाईफ जाकीट होतं. आत माणूस होता.”

“जिवंत?”

“आमी बोट खाली सोडून जवळ गेलो तवा न्हवता. सकाळी होता का, ते कुनालाच न्हाई माहीत.” त्याने हातातला नारळ खाली ठेवला. “माझ्याएवढाच होता. गळ्यात कुठलातरी ताईत होता.”

मी त्याच्याजवळ चिखलातच बसले. मला खूप राग आला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. लढाई करणारे तिकडे लांब, त्यांना माझं नावही माहीत नाही. जगभरच्या लोकांनी इतकं काही फेकून दिलं, की पाण्यावर तरंगणारा माणूस त्यात एक वस्तू होऊन गेला. आणि बघणारा माझा पोरगा होता. तो काही चुकला नव्हता. तो फक्त रोजचं बघून बघून सरावला होता, जसे आम्ही टीव्हीसमोर सरावलो होतो. मी त्याला तसं सांगितलं. त्याने मान हलवली, पण ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही, हे मला दिसत होतं.

वरून भाभीजी हाका मारत होत्या. मग रिक्षावाल्याचा हात धरून त्या उतारावरून निम्म्यापर्यंत खाली आल्या. त्यांनी किती ऐकलं मला माहीत नाही. फाटलेली पिशवी काठावर पडली होती. त्यांनी ती वाकून उचलली, झटकली आणि कमरेला खोचली. “पुढं कधी सोडायचा झाला तर उघडाच सोडू,” त्या म्हणाल्या. “पोरं खातील तर खाऊ दे.” एवढं माझ्या वाट्याला आलं. एरवी मला तो विजय वाटला असता.

“चल,” मी मुलाचा दंड धरला. “पाय धू, घरी चल. थंडी वाजेल.”

तो उठला, पण चालला नाही. परत पाण्यात उतरला. कडेच्या फेसात कसलीशी निळी पिशवी पोट फुगवून पडली होती.

“थांब आई,” तो म्हणाला, “ती एक बघायची राह्यली.”